सांभाळणारे घर आणि पाळणारे घर



‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात लहानथोरांच्या तोंडी आहे. एका व्यापारी पेठेच्या भरभराटीचे कौतुक म्हणून ती रूढ झाली. आज मला बोलावयाचे आहे तेही एका पाळण्याविषयीच. मात्र त्या पाळण्यात निजावयाचा जीव मनुष्याचा नाही. कुंडलिका नदीच्या एका अंगास कदीम जालना आणि दुसऱ्या अंगास नवा जालना अशी वस्ती असलेल्या या शहरात, किंवा आपल्याकडील अशाच एखाद्या जिल्ह्याच्या गावी, एखाद्या सुशिक्षित कुटुंबाच्या मनात येते की घरी एक लहान जातीचे कुत्रे असावे. दुकानातून विकत न आणता, कोणीतरी टाकून दिलेले एखादे पिल्लू आणावे. असे पिल्लू रस्त्यावरून कोणा दयाळू माणसाने उचललेले असते आणि कायमचे घर मिळेपर्यंत ते त्याच्याच किंवा दुसऱ्या एखाद्या कुटुंबात राहात असते. या मधल्या घराला मी ‘सांभाळणारे घर’ म्हणतो, आणि जेथे ते अखेर जावयाचे त्याला ‘पाळणारे घर’. हा सगळा प्रकार परदेशातून आलेले नवे खूळ आहे, अशी पुष्कळांची समजूत आहे. इतिहासाची पाने चाळली असता ती टिकत नाही.

या व्यवहाराला हल्ली ‘दत्तक घेणे’ म्हणतात. हा शब्द मराठी माणसाने जपून वापरावा असा आहे. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले ते दत्तकपुत्राचा हक्क इंग्रजांनी अमान्य केला म्हणून. ज्या शब्दावर एक राज्य गेले, तो आपण आज कुत्र्याच्या पिल्लास लावतो. कायद्याच्या दृष्टीने कुत्रे ही धन्याची मालमत्ता असते, वारस नव्हे. तेव्हा हा दत्तकविधान केवळ आलंकारिकच होय. तथापि घराबाहेरच्या जिवाला घरात घेणे आणि त्याचा भार स्वतःच्या नावावर मांडणे, हा त्या शब्दाचा गाभा येथेही कायम राहतो.

मराठी मुलखातील कुत्र्याची सर्वात सुंदर जुनी प्रतिमा अहमदनगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात तेथे, प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली सापडली. ब्राँझचा सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा एक रथ आहे. त्याला दोन बैल जुंपलेले आहेत, रथात एक पुरुष उभा आहे, आणि पुढच्या दांडीवर एक कुत्रे उभे आहे. ही कला सुमारे साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीची असावी असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. प्रवरा पुढे गोदावरीस मिळते, आणि तीच गोदावरी जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते. त्या कारागिराने कुत्र्याला रथामागे धावताना दाखविले नाही, धन्याच्या समोर दांडीवर चढविले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे मात्र आपल्या आचारधर्मात कुत्र्याचे स्थान उंबरठ्याबाहेर ठरले. वैश्वदेवाच्या वेळी त्याच्यासाठी अन्नाचा भाग काढून ठेवावयाचा, पण त्याने स्पर्श केला तर अन्न टाकून द्यावयाचे. महाभारताने मात्र हा प्रश्न इतक्या सोप्या रीतीने सोडविला नाही. त्या ग्रंथाच्या आरंभी जनमेजयाचे भाऊ यज्ञमंडपात आलेल्या एका निरपराध पिल्लाला मारतात, आणि त्याची आई सरमा जाब विचारावयास येते. ग्रंथ संपत येतो तेव्हा धर्मराज बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारतो. त्या विस्तीर्ण ग्रंथाच्या दोन टोकांशी दोन कुत्री उभी आहेत. मराठवाड्यातील नरसी हे ज्यांचे गाव मानले जाते, त्या नामदेवांची कथाही आपण लहानपणी ऐकलेली असते. कुत्र्याने भाकरी पळविली, आणि नामदेव ती कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कथा हृदयंगम आहे. पण नामदेवांनी त्या कुत्र्याला घरी आणून बांधले, असे कोठेही सांगितलेले नाही. घास देणे आणि घर देणे या दोन गोष्टींतील अंतर आपल्या परंपरेत फार दिवस तसेच राहिले.

हे अंतर ओलांडल्याचे एक लेखी उदाहरण आहे, आणि ते राष्ट्रकूटांच्या काळातील आहे. वेरूळचे कैलास लेणे ज्या राजकुलाने कोरविले, त्याच कुळातील तिसऱ्या कृष्णराजाच्या वेळचा, म्हणजे इसवी सन ९४९-५० च्या सुमाराचा, एक कानडी शिलालेख आज कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात असलेल्या आतकूर गावी मिळाला. तक्कोलमच्या रणांगणावर चोळांचा पराभव झाला. गंग राजा बूतुग आपल्या मणलेर नावाच्या वीरावर प्रसन्न झाला आणि ‘हवे ते माग’ म्हणाला. मणलेराने गाव मागितले नाही, घोडा मागितला नाही. राजाच्या पदरी असलेली काळी नावाची कुत्री मागितली. राजाने ती दिली. पुढे आतकूरच्या परिसरात एका रानडुकराशी झुंज होऊन काळी आणि डुक्कर दोघेही मेले. तिच्या स्मरणार्थ चल्लेश्वराच्या देवळापुढे शिळा उभी राहिली, तिच्यासाठी जमीन लावून दिली गेली, आणि पूजाऱ्याने शिळेची पूजा केल्यावाचून जेवू नये असा नियमही घातला गेला. एका घरचे कुत्रे दुसऱ्या घरी रीतसर मागून नेल्याची याहून जुनी नोंद मला ठाऊक नाही. विशेष हे की, देणारा, घेणारा आणि कुत्री या तिघांचीही नावे दगडावर राहिली आहेत.

आता आपण अठराव्या शतकात येऊ. रायगडावरील वाघ्या कुत्र्याच्या कथेला समकालीन कागदाचा आधार नाही. त्यावरून उठलेल्या वादात मी येथे शिरत नाही. शाहू छत्रपतींची हकीकत निराळी आहे, आणि आपल्या विषयाला ती फार जवळची आहे. रायगड पडला तेव्हा, १६८९ साली, शाहू सात वर्षांचा होता. पुढील सतरा-अठरा वर्षे त्याने औरंगजेबाच्या फिरत्या छावणीत काढली. तेथे बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिने त्याच्यावर माया केली. म्हणजे, सांभाळणारे घर कसे असते, हे शाहूने स्वतः भोगले होते. १७०७ साली सुटका होऊन तो दक्षिणेकडे निघाला, तेव्हा औरंगाबादच्या बाजूच्या पारद गावी तेथील पाटलाने त्याला अडविले. चकमकीत पाटील पडला. त्याच्या विधवेने आपले मूल शाहूच्या पायांशी आणून घातले. शाहूने ते मूल उचलले, फत्ते झाली म्हणून त्याचे नाव फत्तेसिंग ठेवले आणि पुत्राप्रमाणे वाढविले. अक्कलकोटचे राजघराणे त्याच्यापासून चालू झाले.

हाच तो शाहू, ज्याने शिकारीत वाघापासून आपला जीव वाचविणाऱ्या कुत्र्याला जहागीर आणि पालखी दिली. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत सांगितली आहे. एका दरबारात शाहूने त्या कुत्र्याला जरीचा पोशाख व जवाहीर चढवून स्वतःचे पागोटेही त्याच्या डोक्यावर ठेवले, असे तो लिहितो. डफला हे राजाच्या बुद्धिभ्रमाच्या काळातील चाळे वाटले. मला तसे वाटत नाही. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे खंड्या या नावाने त्या कुत्र्याची समाधी दाखवितात. बालपण परक्याच्या आश्रयाने काढलेल्या माणसाला आश्रयाची किंमत काय असते हे कळत असावे, इतकेच म्हणतो.

आता मुंबईकडे वळू. निराश्रित कुत्र्याचा प्रश्न आपल्या इलाख्यात सार्वजनिक झाला तो तेथे, १८३२ साली. मोकाट कुत्री उन्हाळ्यात पिसाळतात या समजुतीने, ठराविक मुदतीत ती मारण्याची मोहीम कंपनी सरकार काढीत असे, आणि दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम होते. त्या वर्षी मुदत वाढविण्यात आली. आठ आण्यांच्या लोभाने शिपाई लोकांच्या दारातली, इतकेच नव्हे तर घरातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. जून महिन्याच्या ६ तारखेला पारशी लोकांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी जमाव शिपायांवर तुटून पडला. दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन आणि इस्माइली व्यापारीही सामील होऊन बाजार बंद पडला, आणि लष्कराच्या रसदीलाही अडथळा झाला. अखेर पलटण आणावी लागली, धरपकड झाली, कित्येकांना शिक्षा झाल्या.

येथे न्यायाने बोलावयाचे तर सरकारची भीती खोटी नव्हती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर त्या काळी जगात कोठेही उपाय नव्हता. लुई पाश्चरने पहिल्या मुलाला लस टोचली ती १८८५ च्या जुलैत. भीती खरी होती; उपाय मात्र आंधळा होता. पारशांची बाजूही नुसत्या भाबडेपणाची नव्हती. त्यांच्या धर्मात मृताच्या अंत्यविधीत कुत्र्याची दृष्टी आवश्यक मानली आहे. शिवाय वेंदिदाद या त्यांच्या प्राचीन ग्रंथाच्या पंधराव्या प्रकरणात एक नियम आहे, जो वाचून आजचा वाचक थक्क होईल. गाभण कुत्री वाटेवर वा शेतात बेवारस आढळली, तर ज्याचे घर सर्वात जवळ असेल त्याने तिला सांभाळावे. तिची पिल्ले स्वतःचे रक्षण करण्यास समर्थ होईपर्यंत ती जबाबदारी त्याची. आणि ही मुदत किती? पिल्लांसाठी सहा महिने, माणसाच्या मुलांसाठी सात वर्षे. सांभाळणाऱ्या घराचा कायदा म्हणतात तो हाच, आणि तो लिहिला गेला तेव्हा युरोपात असल्या घराची कल्पनाही कोणास नव्हती.

दंग्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि जैन शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईत भुलेश्वरकडे पांजरपोळ उभी राहिली. तेथे कुत्र्यांनाही आसरा होता. १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी मंडळी स्थापन झाली. पुढच्या दशकात सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दातृत्वातून बाई साकरबाईंच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ परळ येथे निघाले. या संस्थांचे ऋण मोठे आहे. परंतु पांजरपोळ म्हणजे जन्माचा आसरा. तेथे गेलेले जनावर तेथेच मरावयाचे; तेथून कोणा गृहस्थाच्या घरी जावयाची वाट क्वचितच निघे.

ती वाट लंडनने काढली. १८६० साली मेरी टील्बी नावाच्या बाईने हॉलोवे भागातील एका तबेल्यात हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरते घर उघडले. वर्तमानपत्रांनी तिची टवाळी केली. त्या संस्थेच्या मूळ नावात ‘तात्पुरते’ हा शब्द मुद्दाम घातलेला होता. तेच तिचे खरे नवेपण. धन्याने न्यावे, नाही तर नव्या धन्याने न्यावे. १८७१ साली ती बॅटरसी येथे गेली आणि अद्याप चालू आहे. योगायोग असा की, त्याच १८६० साली इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला, आणि तेथील राजस्त्रियांच्या मांडीवर वाढलेली पाच छोटी कुत्री विलायतेला नेली. त्यांतील एक व्हिक्टोरिया राणीला नजर झाले. त्याचे नाव काय ठेवावे? ‘लूटी’! मूळ शब्द आपलाच, लूट. लहान जातीच्या कुत्र्यांच्या हौशीला विलायतेत जो बहर आला, त्याच्या मुळाशी ही एक गोष्टही आहे.

आपल्याकडे या जाती आल्या छावण्यांबरोबर. जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, आणि पुढे जालन्यास मोठी छावणी पडली. असल्या छावण्यांतून साहेबांच्या बंगल्यांत टेरियर व स्पॅनियल जातीची कुत्री वावरत. साहेबाची बदली झाली की कुत्र्याचे काय, हा प्रश्न उभा राही. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने १८९९ साली या विषयावर एक कथा लिहिली आहे: एक शिपाई आपले कुत्रे दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, आणि मग कुत्रे व शिपाई दोघेही झुरू लागतात. सांभाळणाऱ्या घरातून जाताना कुत्र्याला काय वाटते याचा विचार ज्यांना फाजील वाटतो, त्यांनी ती वाचावी.

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून प्राणिक्रौर्य प्रतिबंधाचा कायदा १९६० साली झाला. जनावर टाकून देऊन त्यास उपासमारीत लोटणे हा त्याने गुन्हा ठरविला. पण पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला फार तर पन्नास रुपये. १८३२ साली कुत्रे मारण्याचे इनाम आठ आणे होते, १९६० साली टाकण्याची किंमत पन्नास रुपयांच्या आत ठरली. आणि टाकली जाऊ लागली ती विशेषतः हौसेने आणलेली. १९९४ साली एका लोकप्रिय हिंदी चित्रपटात टफी नावाचे पांढरे कुत्रे झळकले. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागे धावू लागला. घरोघर तशीच पिल्ले हवीशी झाली. जाहिरात पाहून आणलेले पिल्लू जाहिरातीतल्यासारखे वागत नाही. ते रात्री रडते, चपला कुरतडते, गालिचा भिजविते, आजारी पडते. मग एके संध्याकाळी ते मोटारीतून गावाबाहेर नेऊन सोडले जाते. असे कुत्रे रस्त्यावरच्या कुत्र्यांत टिकत नाही. ते खरोखर ना घरचे ना घाटाचे.

पैदाशीच्या धंद्यावर २०१७ साली नियम झाले. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये असे त्यात आहे. मोकाट कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण यांचे नियम २००१ साली झाले आणि २०२३ साली नव्याने काढले गेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रथम दिल्ली व तिच्या परिसरातील कुत्री आश्रयस्थानांत हलविण्याचा आदेश दिला, आणि २२ तारखेला तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी-लसीकरणानंतर मूळ जागी सोडावी असे सांगितले. त्याच आदेशात, ज्यांना कुत्री घरी न्यावयाची त्यांनी अर्ज करावा, मात्र ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत ही जबाबदारी त्यांची राहील, असेही म्हटले आहे. वेंदिदादचा शेजारधर्म आणि न्यायालयाचा हा शब्द यांत फारसे अंतर नाही.

मग सांभाळणाऱ्या घराचे विशेष महत्त्व कोणते? त्याचे उत्तर शास्त्राने दिले आहे. अमेरिकेत बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी पाच जातींच्या कुत्र्यांचा अनेक वर्षे अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या वयाचा तिसरा ते बारावा आठवडा हा माणसाशी नाते जोडण्याचा काळ, असे त्यांना आढळले. त्याच ठिकाणच्या १९६१ च्या एका प्रयोगात काही पिल्ले कुंपणाच्या शेतात माणसांपासून दूर वाढविली. जी चौदा आठवडे माणसाच्या स्पर्शावाचून राहिली, ती पुढे रानटी श्वापदांसारखी भेदरलेलीच राहिली. पिंजऱ्यात गेलेले ते आठवडे मागाहून कितीही माया केली तरी पुरते भरून निघत नाहीत. स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज, लहान मुलांचा गलबला, दारावरची घंटा, म्हातारीची काठी, हे सारे ज्या पिल्लाने सांभाळणाऱ्या घरात पाहिले, ते नव्या घरी लवकर रुळते.

तेव्हा पिल्लू पाहावयास जाणाऱ्याने रंगरूपापेक्षा प्रश्न विचारावेत. ते रात्री कोठे निजते? एकटे ठेवले तर काय करते? कोणत्या लसी झाल्या, आणि त्यांचा कागद आहे काय? पार्वो हा जो रोग पिल्लांना दोन-तीन दिवसांत नेतो, तो १९७८ पूर्वी जगाला ठाऊक नव्हता. त्याची लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. रेबीजची पहिली लस साधारण तिसऱ्या महिन्यात, आणि मग पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे. सांभाळणारी बाई उलट आपल्यालाच प्रश्न विचारील: घर भाड्याचे आहे काय, वडील मंडळी राजी आहेत काय, गावी गेलात तर कुत्र्याचे काय. याचा राग मानू नये. मुलगी देताना आपण याहून अधिक चौकशी करतो.

जालन्यासारख्या ठिकाणी एक गोष्ट आणखी पाहावी. वैशाखात तेथे पारा चाळिशीपुढे जातो. पगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्याला श्वासावाटे अंगातली उष्णता बाहेर टाकणे कठीण पडते. भर दुपारी मोटारीने आणलेले असे पिल्लू वाटेतच दगावू शकते. ते आणावयाचेच असेल तर पहाटे आणावे, अथवा मृगाच्या पावसापर्यंत सांभाळणाऱ्या घरीच राहू द्यावे. येताना तेथील एखादे जुने, न धुतलेले फडके मागून घ्यावे आणि त्याच्या अंथरुणात घालावे. पहिल्या दोन-तीन रात्री पिल्लू त्या वासाला नाक लावून निजते; मग हळूहळू ते फडके कोपऱ्यात पडून राहू लागते, आणि पिल्लू घरातल्या कोणाच्या तरी पायांशी येऊन झोपते.